मूल कधी बोलेल? बालवाडीच्या वयातल्या भाषेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कोथरूडपासून खराडीपर्यंतचे आईबाबा, आजी-आजोबा आणि बालवाडीच्या ताई जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. वयोगट जन्मापासून सहा वर्षांपर्यंतचा. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मूल आधी बोलत होतं आणि आता कमी बोलतंय असं असेल, तर बाकी सगळं सोडून प्रश्न १७ वाचा.

१. कोणत्या वयात मुलाने किती बोलायला हवं?

सहाव्या महिन्याच्या पुढेमागे 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड सुरू होते. वर्षाच्या सुमाराला एखाददुसरा अर्थाचा शब्द येतो. दोन वर्षांला पन्नासेक शब्द हवेत आणि 'आई ये', 'दूध नको' असे दोन शब्द जोडता यायला हवेत. तिसऱ्या वर्षी तीन-चार शब्दांची वाक्यं येतात आणि परक्या माणसालाही बरंचसं कळतं. चौथ्या वर्षी मूल घडलेला प्रसंग सांगू लागतं, क्रम थोडा चुकला तरी.

यात मागेपुढे होतंच. पण काही रेषा ओलांडल्या की तपासणी करून घ्यावी. वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, हाक मारल्यावर वळत नाही. सोळा महिन्यांचं झालं तरी एकही शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. तपासणी म्हणजे आजार नव्हे, हे आजीलाही सांगा.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका तक्त्यात पन्नास शब्द अडीच वर्षांच्या रकान्यात दिसतात. हा तक्ता अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा. तिने २०२२ मध्ये तक्ते बदलले, तेव्हा किमान ७५ टक्के मुलांना त्या वयात जमतात अशाच गोष्टी त्यात ठेवल्या. त्यामुळे त्या तक्त्याकडे बघून 'अजून सहा महिने आहेत' असं म्हणू नये. अडीचला पन्नास शब्द नसतील, तर आधीच उशीर झालेला असतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजा.

२. 'भुर्र', 'मम्मं', 'हम्मा' हे शब्द धरायचे का?

धरायचे. ठरावीक आवाज ठरावीक गोष्टीसाठी, दर वेळी, स्वतःहून काढला की तो शब्द झाला. 'काकू'ला 'तातू' म्हटलं तरी शब्दच. 'पाणी' आणि 'वॉटर' दोन्ही येत असतील तर दोन शब्द धरा. पाठ केलेले एक ते वीस आकडे मात्र वीस शब्द होत नाहीत (प्रश्न १५).

३. दोन वर्षांचा आहे, सगळं समजतं, फक्त बोलत नाही. घरातले म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात आणि याचा बाबाही तीन वर्षांनी बोलला. थांबू का?

थांबू नका. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यातली तीनही विधानं थोडी तपासून घ्यावी लागतात.

'सगळं समजतं' हे घरात पटकन वाटतं, कारण आपण बोलताना हात आणि डोळे वापरतो. 'चप्पल आण' म्हणताना आपली नजर चपलांच्या रॅककडे गेलेली असते, आणि तशीही बाहेर जायची वेळ असते. एकदा हात मांडीवर ठेवून, त्याच्याकडेच बघत, भलत्याच वेळी 'बाबाचा चष्मा कुठाय?' असं विचारून पाहा. समज खरंच चांगली असेल तर ती दिलाशाची गोष्ट आहे. नसेल, तर तुम्हाला आजच कळलं.

मुलगे मुलींपेक्षा सरासरीने थोडे मागे असतात हे खरं, पण तो फरक काही आठवड्यांचा, फार तर एक-दोन महिन्यांचा. त्यातून वर्षभराची सवलत निघत नाही. आणि बाबा उशिरा बोलला असेल, तर ते तपासणी लवकर करण्याचं कारण आहे, कारण बोलण्यातला उशीर काही घराण्यांत चालत येतो.

उशिरा बोलणारी बरीच मुलं शाळेच्या वयापर्यंत गाडी गाठतात. अडचण एवढीच, की दोन वर्षांच्या मुलाकडे बघून तो गाठणाऱ्यांपैकी आहे की नाही हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. तपासणीत तुमची एक सकाळ जाते. थांबण्यात मुलाचं वर्ष जातं.

४. डॉक्टरांनी कान तपासायला सांगितलंय. पण कुकरची शिट्टी झाली की तो लगेच वळतो. मग कशाला?

कुकरची शिट्टी प्रचंड मोठी असते. स, श, फ हे आवाज बारीक आणि उंच पट्टीतले आहेत. तेवढेच ऐकू न येणारं मूल शिट्टीला, दारावरच्या बेलला, तुमच्या हाकेलासुद्धा वळतं. त्याला 'साल' आणि 'शाल' मात्र सारखेच ऐकू येतात.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे सर्दी. पावसाळ्यात पाळणाघरातल्या मुलांचं नाक वाहतच असतं. त्यातून कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. दुखत नाही, ताप नसतो, पण ऐकू कमी येतं, आणि तेही आज कमी, उद्या ठीक. घरात मग 'हा मुद्दाम दुर्लक्ष करतो' असा शिक्का बसतो.

जन्मल्यावर ओएई ही कानाची चाचणी केली होती, तरी आता पुन्हा तपासा. श्रवणदोष नंतरही उद्भवू शकतो. लहान बाळासाठी झोपेत करायची बेरा चाचणी असते. मोठ्या मुलाची चाचणी खेळाखेळात होते. नवजात बाळासाठी जगभर मानला जाणारा हिशेब असा: एका महिन्याच्या आत पहिली चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू.

बोलण्याची कुठलीही तक्रार असो, पहिली पायरी कानाची. ती वगळून कुणी थेट थेरपीचं पॅकेज हातात ठेवलं, तर जरा सावध राहा.

५. आई मराठी, बाबा हिंदी, शाळा इंग्रजी. तीन भाषांनी गोंधळ होऊन उशीर होतो का?

नाही. हिंजवडी-वाकडच्या सोसायट्यांमध्ये ही स्थिती घरोघरी आहे. दोन-तीन भाषांमुळे बोलण्यात दोष येत नाही. एकेका भाषेतले शब्द मोजले तर कमी भरतील, म्हणून सगळ्या भाषांची बेरीज करा. बेरीज करूनही वयाच्या मानाने कमीच भरत असेल, तर कारण भाषांची संख्या नव्हे, दुसरं काहीतरी आहे. ते शोधायला हवं.

'एका पालकाने एकच भाषा' हा नियम काही घरांना सोयीचा जातो, पण तो पाळलाच पाहिजे असं नाही. जी भाषा यावी असं वाटतं ती रोज पुरेशी कानावर पडली पाहिजे, आणि ती बोलायची गरज पडेल असं माणूस घरात हवं. रविवारी तासभर आजोबांशी फोनवर बोलून मराठी टिकत नाही.

६. नर्सरीतून निरोप आलाय, घरीही इंग्रजीच बोला. बोलू का?

तुम्ही चिडता, लाड करता, गंमत सांगता ती भाषा बोला. ती इंग्रजी असेल तर इंग्रजी. पण बहुतेक घरांत असं होतं, की 'कम हिअर, सिट डाउन, फिनिश इट' एवढ्या आज्ञांपुढे गाडी जात नाही. मुलाला मिळते ती तुटपुंजी इंग्रजी, आणि घरातली भरघोस मराठी बंद होते. आजी तर गप्पच बसते. एका भाषेत पक्की झालेली गोष्ट सांगण्याची, कारण देण्याची ताकद दुसऱ्या भाषेत कामी येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. शाळेचा निरोप चांगल्या हेतूने आलेला असू शकतो. तरी तो पाळायची गरज नाही.

७. 'मला वॉटर पाहिजे' अशी खिचडी बोलतो. टोकायचं का?

नको. घरात मोठी माणसं 'मीटिंग कॅन्सल झाली' म्हणतात, ते कुठे टोकतो आपण? 'हो, पाणी देते' म्हणा आणि पाणी द्या.

८. मोबाइलवर बडबडगीतं लावली तर शब्द वाढत नाहीत का?

लहान बाळांचे फारसे वाढत नाहीत. २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिॲटलमध्ये एक प्रयोग केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी एक बाई समोर बसून चिनी मँडरिन बोलत, खेळत. त्या बाळांना त्या भाषेतले बारीक आवाज ओळखता येऊ लागले. तशीच सत्रं ज्यांना पडद्यावर दाखवली, त्यांना काहीच फरक पडला नाही. पडदा बाळाच्या डोळ्यांत बघत नाही आणि त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलला मुभा आहे. अमेरिकेतली आत्या समोरून विचारते, हसते, उत्तराची वाट बघते.

भरवताना मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडतच नाही, ही तक्रार सर्रास येते. जेवणाच्या वेळी मिळणाऱ्या गप्पा त्यात बुडतात. आधी एका जेवणाचा मोबाइल बंद करा. दोन-तीन दिवस आरडाओरडा होईल, तो सोसायचा.

९. 'रिक्षा'ला 'लिक्शा', 'काकू'ला 'तातू', 'बाळ'ला 'बाल'. कधीपर्यंत चालेल?

प, ब, म हे ओठांचे आवाज आधी येतात. र, ळ, श आणि जोडाक्षरं शेवटी येतात, पाच-सहा वर्षांपर्यंतही. म्हणून चार वर्षांच्या मुलाची 'लिक्शा' खुशाल चालू द्या. 'तातू' आणि 'दाय' (म्हणजे गाय) असे क-गचे त-द साडेतीन-चारनंतरही राहिले, तर दाखवून घ्या. अक्षरापेक्षा महत्त्वाचं हे, की तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं शेजारच्या काकूंना कळतं का? चौथ्या वर्षी ते जवळजवळ सगळं कळायला हवं.

आपण बोबडं बोलावं का, हा जोडप्रश्नही येतो. लाडाने 'मम्मं खायची?' म्हणण्यात काही बिघडत नाही. सूर लावून, सावकाश बोललेलं बाळं जास्त लक्ष देऊन ऐकतात. फक्त मुलाची 'लिक्शा' गोड वाटते म्हणून घरभर सगळ्यांनी 'लिक्शा' म्हणू नये. त्याने नीट शब्द ऐकायचा कुठे?

१०. तीन वर्षांची आहे. 'मी करलं', 'बाबा येला', 'तिने देलं' म्हणते. आधी तर 'केलं' नीट म्हणायची! मागे गेली का?

पुढे गेली. आधी 'केलं' हा शब्द तिने जसाच्या तसा उचलला होता. आता तिला नियम सापडलाय: बस-बसला, हस-हसला, मग कर-करला. हा नियम तिला कुणी शिकवलेला नाही, 'करला' तर कुणी तिच्यासमोर म्हटलेलंही नाही. अपवाद हळूहळू आपोआप बसतात. 'करलं नाही, केलं म्हण' असा धडा देऊ नका. 'अरे वा, तू केलंस? एकटीने केलंस?' एवढं पुरे.

११. मुलगा 'मी जाते', 'मी खाते' म्हणतो. सगळे हसतात. काळजी करू का?

अजिबात नाही. दिवसभर आई, आजी आणि सांभाळणाऱ्या मावशी 'मी जाते, मी आणते' म्हणत असतात, तेच तो उचलतो. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं, हे गणित सुटायला थोडा वेळ लागतो. बाबा, काका, आजोबा त्याच्याशी जास्त बोलले की सुटतं. हसणं मात्र थांबवा. काही मुलं त्यापायी बोलणंच आखडतं घेतात.

१२. सांभाळणाऱ्या मावशी 'पानी', 'व्हय', 'न्हाई' म्हणतात. मुलगी तसंच बोलायला लागली.

म्हणजे मावशी तिच्याशी भरपूर बोलतात. चांगली बातमी आहे. ती मराठीच आहे, दोष नाही, आणि स्पीच थेरपीत 'दुरुस्त' करण्याची गोष्ट तर नाहीच. तुमच्या तोंडून 'पाणी' ऐकून तुमच्याशी 'पाणी' आणि मावशींशी 'पानी' म्हणायला मुलं झटकन शिकतात. पुण्यात शुद्ध-अशुद्धाची हौस जरा जास्त आहे. ती मुलांच्या वाट्याला इतक्या लवकर यायला नको.

१३. जिभेला वेखंड लावलं किंवा जिभेखालचा पडदा कापला, तर बोलायला लागेल का?

वेखंडाने बोलणं येत नाही. मधात उगाळून तर देऊच नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा आहे, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. चिकटलेल्या जिभेमुळे दूध ओढायला त्रास होऊ शकतो, क्वचित एखाददुसऱ्या आवाजालाही. पण शब्दच न येणं, वाक्य न जोडणं यामागे ती नसते. केवळ 'बोलत नाही' म्हणून पडदा कापून घेऊ नका.

१४. 'मुलाशी भरपूर बोला' असं सगळे सांगतात. पण बोलायचं काय?

भरपूर म्हणजे अखंड नव्हे. १९९५ मध्ये हार्ट आणि रिस्ली या अमेरिकन संशोधकांनी ४२ घरांवरून एक हिशेब मांडला: चौथ्या वर्षापर्यंत काही मुलांच्या कानावर इतरांपेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात. त्या आकड्यावर पुढे खूप टीका झाली, तरी तो लोकांच्या डोक्यात बसला आणि आईबाबा रेडिओसारखे बोलू लागले. नंतरच्या अभ्यासांनी जास्त वजन दिलं ते देवाणघेवाणीला: मी बोललो, तू काहीतरी केलंस, मी त्याला उत्तर दिलं.

मंडईतून आणलेली गवार निवडायला बसा. एक शेंग त्याच्या हातात द्या. 'मोडली! कट्ट झालं.' थांबा. तो दुसरी मोडायला जाईल, मोडणार नाही. 'ही जून आहे. वाकते नुसती.' थांबा. तो म्हणेल, 'जून'. 'हो, जून. टाकायची का हिला?' थांबणं सगळ्यात अवघड. मनात पाच आकडे मोजा. दोन वर्षांच्या मुलाला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतो, आणि बहुतेक वेळा आपण दोनवरच पुढचा प्रश्न टाकतो.

'हे काय? हा कोणता रंग? काकांना सांग बरं!' ही परीक्षा झाली. त्यापेक्षा तो ज्याकडे बघतोय त्याबद्दल आपणच एक वाक्य बोलावं. तो 'बस' म्हणाला, तर 'मोठी बस. बस थांबली.' त्याच्या एका शब्दावर आपले एक-दोन.

तिसऱ्या वर्षापासून, होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल बोला. पेशवे उद्यानात फुलराणीत (मुलांच्या छोट्या आगगाडीत) बसून आलात, तर रात्री बाबाला सांगू द्या. 'मग काय झालं?' एवढंच विचारा. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलता येणं हा पुढच्या वाचनाचाही पाया आहे. तीन वर्षांच्या मुलाला 'अ' गिरवायला लावण्यापेक्षा तो कितीतरी भक्कम. शब्दांच्या भेंड्या पाच वर्षांच्या मुलाला जमतात, त्याही खेळा.

१५. एबीसीडी, शंभरपर्यंत आकडे, गाड्यांची नावं सगळं पाठ आहे. पण पाणी हवं असेल तर मागत नाही.

हे कौतुकाखाली दबतं, म्हणून सविस्तर सांगते. पाठ म्हणणं आणि दुसऱ्याला काही सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. बघा: काही हवं असेल तर तो काय करतो? तुमचा हात धरून झाकणावर ठेवतो, की वस्तूकडे आणि मग तुमच्याकडे बघतो? विमान दिसलं तर बोट दाखवून 'तूही बघ' असं डोळ्यांनी सांगतो का? हाक मारल्यावर वळतो का? विचारलेला प्रश्नच परत म्हणतो का?

तसाच परत म्हणणं एका टप्प्यावर सगळीच मुलं करतात. पण दाखवणं, नजर मिळवणं, सोबत हसणं कमी असेल, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची प्रश्नावली असते. त्यात स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता कळते, निदान होत नाही.

१६. साडेतीन वर्षांचा अचानक अडखळायला लागला. 'मी-मी-मी', 'आई, आई, मला...'

दोन ते पाच या वयात हे होतं. साधारण शंभरातल्या पाच मुलांमध्ये तोतरेपणा सुरू होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. अख्खा शब्द पुन्हा म्हणणं सौम्य समजा. पहिला आवाज अडकून राहणं, डोळे मिचकावणं, मान ताणणं, बोलायचं टाळणं, सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकणं किंवा घरात कुणाला तोतरेपणा असणं, यातलं काही असेल तर स्पीच थेरपिस्टकडे जा.

'हळू बोल', 'नीट श्वास घे' म्हणू नका, वाक्य पूर्ण करून देऊ नका. आपणच सावकाश बोला.

१७. पंधरा महिन्यांची असताना सात-आठ शब्द बोलायची. आता बंद झाले.

या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आलेली भाषा जाणं, कोणत्याही वयात, 'बघू पुढच्या महिन्यात' या वर्गात बसत नाही. कान, फिट्स, स्वमग्नता अशा अनेक दिशांनी तपासावं लागतं. जुने मोबाइलवरचे व्हिडिओ सोबत न्या, डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो. (प्रश्न १० मधलं 'करलं' हे मागे जाणं नव्हे.)

१८. घरी पोपटासारखी बोलते, शाळेत एक अक्षर नाही. ताई म्हणतात, हट्टी आहे.

पहिला महिना सोडून द्या. शाळेची भाषा नवी असेल तर काही महिने गप्प राहून ऐकणंही नेहमीचं आहे. फरक असा ओळखा: शाळेतल्या मराठी बोलणाऱ्या मावशींशी, डब्याच्या वेळी मैत्रिणीशी ती मराठीत बोलते का? बोलत असेल तर ती फक्त नव्या भाषेसाठी थांबली आहे. तिथे मराठीतही महिनाभराच्या वर तोंड उघडत नसेल, तर तो निवडक अबोला असू शकतो. त्याच्या मुळाशी चिंता असते, हट्ट नव्हे. 'बोललीस तर चॉकलेट' आणि सगळ्यांसमोर उभं करणं, दोन्ही बंद करा आणि बालमानसतज्ज्ञांना भेटा.

१९. पुण्यात कुठे जायचं?

आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, मग कानाची चाचणी, मग स्पीच थेरपिस्ट. ससून रुग्णालयात बालरोग आणि कान-नाक-घसा विभाग आहेत. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र आहे. भारती विद्यापीठात ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचं शिक्षण देणारं महाविद्यालय आहे. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत तपासणी होते. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि विकासातला उशीर हा त्याच्या चार मुख्य विषयांपैकी एक आहे. अंगणवाडी ताईंना तपासणी पथकाची तारीख विचारून ठेवा.

थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

२०. थेरपी इंग्रजीत घ्यायची की मराठीत?

घरातल्या माणसांच्या भाषेत. थेरपिस्टकडे आठवड्याचा एखादा तास जातो, बाकी सगळा वेळ घरचा. आतल्या खोलीत मुलाला नेऊन दार लावून घेतात आणि तुम्हाला काहीच दाखवत नाहीत, अशी थेरपी बदला. 'एकच भाषा ठेवा, बाकीच्या बंद करा' असा सल्ला मिळाला, तर प्रश्न ५ वाचा आणि दुसरं मत घ्या.

२१. ऐकू न येणाऱ्या मुलीला खुणांची भाषा शिकवली तर ती बोलायची राहील का?

नाही. खुणांमुळे बोलणं अडतं ही भीती जुनी आहे, पण तिला आधार नाही. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राची) प्रक्रिया चालू असताना महिनेच्या महिने जातात, आणि तेवढा काळ मुलीकडे 'भूक लागली', 'दुखतंय', 'ते बघ' हे सांगायला काहीच नसणं जास्त नुकसानीचं. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिचं स्वतःचं व्याकरण आहे. ऐकू येणाऱ्या पण उशिरा बोलणाऱ्या मुलांनाही 'अजून', 'दे', 'संपलं' अशा दोन-चार खुणा शिकवता येतात. खूण करताना तोंडाने शब्दही म्हणा. शब्द आला की मुलं खूण आपणहून सोडतात.